गेममधून कंपन्यांना माझ्याबद्दल असं काय कळतं? लपवण्यासारखं काही नसताना काळजी कशाला?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. तुम्ही फोनवर रंगीत गोळ्या जुळवायचा फुकटचा गेम खेळता, त्यात नाव-पत्ता काहीच दिलेला नाही, तर कंपनीला कळून कळणार काय, हा पहिला. फोन आपलं बोलणं ऐकतो हे खरं का, हा दुसरा. आणि शेवटी, कुठली कंपनी त्यातल्या त्यात बरी?

फोन ऐकण्याचं आधी उरकून टाकू. चपलांबद्दल बोललो आणि लगेच चपलांची जाहिरात आली, हा किस्सा प्रत्येकाकडे असतो. २०१८ साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली. चोरून आवाज टिपून बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. सापडलं ते भलतंच: काही ॲप्स स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण परस्पर तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. त्यामुळे 'फोन सगळं ऐकतो' यावर माझा विश्वास नाही. एवढा खटाटोप करायची त्यांना गरजच पडत नाही.

तरीही गेमला मायक्रोफोन देऊ नका. डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अल्फॉन्सो नावाच्या कंपनीबद्दल छापलं होतं. तिचं सॉफ्टवेअर असलेले अडीचशेच्या वर गेम तेव्हा गूगल प्लेवर होते. त्या सॉफ्टवेअरचं काम म्हणजे खोलीतल्या टीव्हीचा आवाज मायक्रोफोनमधून ओळखायचा आणि कुठली जाहिरात चालू होती ते नोंदवायचं. माणसांचं बोलणं आम्ही टिपत नाही, असं कंपनीने सांगितलं, आणि परवानगी तर लोकांनीच दिलीय, हेही सांगितलं. दुसरं म्हणणं बिनतोड आहे. गोळ्या जुळवायला मायक्रोफोन कशाला लागतो, हा प्रश्न परवानगीचं बटण दाबताना कितीजणांना पडतो?

आता मुख्य मुद्दा. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही हे मान्य. पण गेमला तुमची गुपितं नकोच असतात. त्याला तुमचा स्वभाव हवा असतो, आणि तो तुम्ही प्रत्येक डावात आपणहून त्याच्यासमोर मांडत असता. एखादी अवघड लेव्हल आठवा. दोन चाली शिल्लक आहेत आणि कोपऱ्यातली एक गोळी काही केल्या फुटत नाही. इथे तुम्ही किती सेकंद थांबलात? हरल्यावर लगेच पुन्हा सुरुवात केलीत की वैतागून फोन ठेवला? ठेवला, तर किती वेळाने परत आलात? 'आणखी पाच चाली घ्या' ही पाटी आली तेव्हा ती झटक्यात बंद केलीत की बोट जरा घुटमळलं? कितव्यांदा हरल्यावर पहिल्यांदा पैसे मोजलेत, आणि तेव्हा रात्रीचे किती वाजले होते? गेम बनवणारे यातल्या प्रत्येक गोष्टीला 'इव्हेंट' म्हणतात, आणि ज्या गेमला ज्या नोंदी हव्या त्या वेळेसकट सर्व्हरवर जाऊन बसतात. त्यासाठी तुमचं नाव लागत नाही, एक क्रमांक पुरतो.

हे सगळं पापच आहे असं मी म्हणणार नाही. ज्या लेव्हलला निम्मे लोक गेम सोडून जातात ती फसलीय, हे बनवणाऱ्याला कळायलाच हवं. एखाद्या फोनवर गेम सारखा बंद पडत असेल तर तेही कळायला हवं, म्हणून क्रॅश रिपोर्ट मी स्वतः चालू ठेवतो. घोळ पुढे होतो. लेव्हल सुधारायला जो तक्ता लागतो, तोच विक्रीवाल्यांच्याही कामाचा असतो. कुठला माणूस किती हरल्यावर पैसे सोडतो हे कळलं, की त्याला नेमकं तितकं हरवण्याचा मोह आवरणं सोपं नसतं. कल्पनेच्या भराऱ्या मारत नाहीये. ॲक्टिव्हिजन या गेम बनवणाऱ्या कंपनीला २०१७ मध्ये एक पेटंट मिळालं. त्यात नवख्या खेळाडूची गाठ मुद्दाम एखाद्या मुरलेल्या खेळाडूशी घालायची कल्पना आहे, म्हणजे त्याच्या हातातलं हत्यार बघून नवखाही ते विकत घेईल. हे आम्ही कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीने तेव्हा जाहीर केलं. ठीक आहे, धरून चालू. पण हे डोक्यात आलं, कागदावर उतरलं आणि वकिलामार्फत नोंदवलं गेलं, एवढं तर नक्की.

एपिक गेम्स या कंपनीच्या बाबतीत मात्र प्रकरण कागदावर राहिलं नाही. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने त्यांच्या फोर्टनाइट या गेमवर दोन आरोप ठेवले. एक, मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली, आणि मुलांसाठीही व्हॉइस चॅट आधीपासूनच चालू ठेवलं, म्हणजे कुणीही अनोळखी माणूस थेट पोराच्या कानात बोलू शकेल. दोन, बटणांची मांडणी अशी केली की न मागता खरेदी व्हावी. झोपलेला गेम जागा करायला बटण दाबलं, झाली खरेदी. वस्तू नुसती बघायला गेलात आणि बोट शेजारच्या बटणावर पडलं, झाली खरेदी. बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागणाऱ्यांची खाती बंद केली, असंही कमिशनचं म्हणणं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने तडजोड केली: मुलांच्या प्रकरणी २७.५ कोटी डॉलर दंड आणि खरेदीच्या प्रकरणी लोकांना परत द्यायला २४.५ कोटी डॉलर. यात कुठे हॅकर नाही, हेरगिरी नाही. आहे ती बटणांची जागा आणि आधीच 'चालू' करून ठेवलेली सेटिंग्ज.

हा झाला गेमच्या आतला मामला. फुकटच्या गेममध्ये दोन लेव्हलच्या मधे जी जाहिरात येते, तिच्यामागे आणखी एक बाजार आहे. जाहिरात दिसण्याआधी, डोळ्याचं पातं लवेपर्यंत तिचा लिलाव होऊन जातो. लिलावात भाग घेणाऱ्यांना तुमच्याबद्दल थोडी माहिती पाठवली जाते: फोन कुठला, भाषा कुठली, आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक), आणि तुम्ही परवानगी दिली असेल तर ठिकाणसुद्धा. बोली एकच जण जिंकतो, पण माहिती सगळ्या बोली लावणाऱ्यांपर्यंत पोचलेली असते. मला या व्यवहारातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच. जानेवारी २०२५ मध्ये ग्रेव्ही ॲनालिटिक्स या लोकांचा ठावठिकाणा विकणाऱ्या कंपनीचा डेटा हॅकरांनी फोडला. त्यात ज्या ॲप्सची नावं निघाली त्यांत कँडी क्रशही होतं. गेमवाल्यांनी ती माहिती स्वतः विकली असं नव्हे, ती बहुधा याच लिलावांच्या वाटेने उचलली गेली होती, असं पत्रकारांनी लिहिलं.

संमतीचं म्हणाल, तर 'तुमची माहिती घेऊ का' असं विचारणारा पडदा एकदा शांतपणे वाचून बघा. युरोपात २५ मे २०१८ ला जीडीपीआर हा लोकांच्या माहितीला संरक्षण देणारा कायदा लागू झाला आणि तसे पडदे सगळीकडे दिसू लागले. 'स्वीकारा' हे बटण भलंमोठं आणि रंगीत, त्याखाली बारीक करड्या अक्षरांत 'पर्याय'. आत गेलात की 'भागीदारां'ची यादी, बोट दुखेस्तोवर सरकवत राहा. सगळे खटके बंद दिसतात म्हणून तुम्ही खूश होता. पण कित्येकदा शेजारी आणखी एक टॅब असतो, 'कायदेशीर हितसंबंध' नावाचा, आणि तिथे तेच भागीदार पुन्हा हजर असतात. यावेळी खटके चालू. ज्याने हा टॅब रचला त्याच्या हुशारीला मी मनापासून दाद देतो आणि तितक्याच मनापासून शिव्याही.

कुठली कंपनी बरी, याचं उत्तर मी कंपनीचं नाव घेऊन देणार नाही. तिला पैसे कुठून येतात ते बघा. ॲपलने एप्रिल २०२१ पासून आयफोनवर 'या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का' असं विचारायला भाग पाडलं. विचारलं म्हटल्यावर बहुतेकांनी नाही म्हटलं असणार हे सांगायला नको. यामुळे २०२२ मध्ये आपलं सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल, असं फेसबुकवाल्या मेटानेच सांगितलं. म्हणून ॲपल संत ठरत नाही. हीच सोय ज्या तऱ्हेने राबवली त्यावरून फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने मार्च २०२५ मध्ये तिला १५ कोटी युरोंचा दंड ठोकला. ॲपलचा धंदा फोन विकण्याचा आणि ॲप स्टोअरचा आहे, मेटाचा जाहिरातींचा. ज्याला जे परवडतं त्यावर तो तत्त्वाच्या गोष्टी सांगतो.

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात आधी कुणाकडे कुठले गेम आहेत हे मूळ सेटिंगमध्येच सगळ्यांना दिसायचं. एप्रिल २०१८ मध्ये ते दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वने ते मूळ सेटिंग 'झाकलेलं' असं केलं. खेळणाऱ्यांनी काही केलं नाही, तरी त्या उघड्या माहितीवरून विक्रीचे अंदाज बांधणाऱ्या स्टीम स्पाय या साइटचा आधारच गेला. म्हणून कंपनीच्या गोपनीयता धोरणाची लांबलचक पानं मी फारशी वाचत बसत नाही. गेम टाकल्या टाकल्या काय चालू आहे आणि काय बंद, ते आधी बघतो.

कॉम्प्युटरवरच्या गेमचंही सगळं आलबेल नसतं. व्हॅलोरंट या गेमबरोबर २०२० मध्ये आलेलं व्हॅनगार्ड हे चीटर, म्हणजे खेळात लबाडी करणारे, पकडणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटर सुरू होतानाच, पार ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात सुरू होतं. चीटरही तिथवर पोचतात, त्यामुळे यामागचं कारण मला पटतं. तरी ज्या कॉम्प्युटरवर बँकेची कामं होतात त्यावर मी ते टाकणार नाही. आणि कंपनीची नियत साफ असली तरी कुलूप तुटू शकतं. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवरून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद होती. त्यामुळे गेमच्या खात्याला वेगळा पासवर्ड, आणि सक्तीची नसलेली माहिती द्यायचीच नाही. जन्मतारीख मात्र खोटी टाकलीत तर कुठेतरी लिहून ठेवा. खातं अडकलं की परत मिळवताना कधीकधी तीच विचारतात.

तुमच्या गेमपुरतं बोलायचं तर अर्ध्या तासाचं काम आहे. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात जाहिराती, आणि तिथे जाहिरात आयडी डिलीट करा. आयफोन असेल तर ट्रॅकिंगमध्ये जाऊन ॲप्सना विचारायचीच मुभा बंद करा. मग त्या गेमच्या परवानग्या उघडून ठिकाण, संपर्क, मायक्रोफोन जे काही दिलं असेल ते काढून घ्या. गेम तसाच चालेल. फ्लाइट मोड लावून खेळलात तर जाहिराती जवळपास थांबतात, पण तुमच्या खेळाच्या नोंदी बऱ्याचदा फोनमध्येच साठून राहतात आणि नेट चालू झालं की एकदम रवाना होतात, तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नका. आणि फेसबुकचं खातं जोडा, पाच जीव फुकट घ्या, अशी पाटी येईल तेव्हा ती बंद करा. जीव थोड्या वेळाने तसेही आपोआप भरतात.