ख्रिस्ती लोक बायबलमधली सोयीची वचनंच उचलतात का?

तुमचा प्रश्न असा, की हवं ते वचन घ्यायचं आणि नको ते सोडायचं, तर त्या ग्रंथावर श्रद्धा आहे असं कसं म्हणायचं? मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि तुमचा आक्षेप मला बराचसा मान्य आहे.

माझा भाऊ आजारी होता तेव्हा भेटायला येणारे यिर्मया २९:११, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन, ऐकवायचे: देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. मीही ते कागदावर लिहून त्याच्या उशाशी लावलं. भाऊ गेला. त्यानंतर कितीतरी महिने मी तो अध्याय उघडला नाही. उघडला तेव्हा पहिल्या ओळीपासून वाचला. ते एक पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवासात नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पाठवलेलं. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया म्हणतो, नाही, सत्तर वर्षं. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या परक्या शहरासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथेच मरणार होते. मी मात्र ते वचन एकटं तोडून घेतलं आणि यिर्मयाच्या तोंडी हनन्याचं बोलणं घातलं.

वचनं अशी सुटी करणं आपल्याला सोपं जातं, कारण त्यांना आकडे आहेत. मूळ लेखनात ते नव्हते. नव्या करारातले, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागातले, आजचे आकडे फ्रेंच मुद्रक रॉबेर एस्तिएन यांच्या १५५१ च्या आवृत्तीतून आले. त्या भागातली पत्रं प्रेषित पौलाने लिहिली ती जमलेल्या विश्वासणाऱ्यांसमोर सलग वाचण्यासाठी.

तोडण्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण १८०७ चं. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी लंडनमध्ये निवडक बायबल छापलं गेलं. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला ती गोष्ट त्यात ठेवली, पण इस्राएल लोकांची मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून सुटका गाळली. ती वाचली तर काय होईल, हे छापणाऱ्यांना नीट कळत होतं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. सोडलेली प्रत्येक गोष्ट सोयीसाठी सोडलेली नसते. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय १५ पाहा. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना शास्त्रात सांगितलेली सुंता सक्तीची करायची का, यावर पहिल्या शिष्यांचाच मोठा वाद झाला आणि चर्चेअंती त्यांनी ती लादली नाही. तिथे सगळ्यांसमोर कारणं मांडून निर्णय झाला. मी कागदावर वचन उतरवलं तेव्हा असं काहीच केलं नव्हतं, फक्त मला धीर हवा होता.

म्हणून कुणी तुम्हाला वचन ऐकवलं, तर त्याला आधीचं आणि नंतरचं पानही वाचायला सांगा. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर भावाला मी दहावं वचनही वाचून दाखवलं असतं, सत्तर वर्षांचं. त्याला ते पेललं असतं.