काम अडकले आहे की केवळ संथ आहे, हे कसे ओळखावे?

बॉइंक या, संगणकाची मोकळी ताकद संशोधन प्रकल्पांच्या गणितांना देणाऱ्या प्रोग्राममधील आपले एक काम दोन दिवस ९८ टक्क्यांच्या आसपास आहे, उरलेला वेळ घटण्याऐवजी वाढतो आहे, तेव्हा ते रद्द करावे का, असे आपण विचारले आहे. कृपया एवढ्यावरून रद्द करू नका. काही प्रकल्पांचे प्रोग्राम आपली प्रगती बॉइंकला कळवतच नाहीत. मग बॉइंक गेलेल्या वेळेवरून टक्केवारीचा अंदाज बांधते, आणि तो अंदाज १०० च्या जवळ जाताना अधिकाधिक मंदावत जातो. त्यामुळे दिवसभरात ९८.१ चे ९८.४ झाले, तरी काम ठणठणीत असू शकते.

खरी खूण प्रोसेसरच्या वेळेत असते. ॲडव्हान्स्ड व्ह्यूमध्ये ते काम निवडून प्रॉपर्टीज उघडा, सीपीयू टाइम (प्रोसेसरने कामावर घालवलेला वेळ) आणि इलॅप्स्ड टाइम (काम चालू असताना घड्याळाप्रमाणे गेलेला वेळ) हे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा आणि काम सलग अर्धा तास चालू दिल्यावर पुन्हा पाहा. दोन्ही साधारण सारखेच वाढले असतील, तर गणित चालू आहे. इलॅप्स्ड टाइम पुढे गेला आणि सीपीयू टाइम जागचा हलला नाही, तर संशय रास्त आहे. ग्राफिक्स कार्डावरील कामांना मात्र ही कसोटी लावू नये. तिथे प्रोसेसर बहुतांशी मोकळाच असू शकतो, म्हणून कार्डावरचा भार पाहावा.

सीपीयू टाइम वाढत असूनही प्रोग्राम एकाच जागी फिरत राहिल्याची उदाहरणे असतात, म्हणून त्याच खिडकीत शेवटच्या चेकपॉइंटनंतर, म्हणजे झालेले काम डिस्कवर साठवल्यानंतर, किती वेळ गेला तेही पाहावे. माझ्याकडच्या एका कामात दर दहा-बारा मिनिटांनी चेकपॉइंट होत असे. एके दिवशी सकाळी पाहिले, तर शेवटच्या चेकपॉइंटला सात तास उलटून गेले होते. मी चालू कामांसह बॉइंक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केले, काम जुन्या चेकपॉइंटपासून पुढे सरकले आणि त्याच संध्याकाळी पूर्ण झाले. हा उपाय करण्यापूर्वी निदान एक चेकपॉइंट झालेला आहे याची खात्री करून घ्यावी, नाहीतर काम शून्यापासून सुरू होते आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते.

प्रकल्पाचा स्वभावही ध्यानात घ्यावा. क्लायमेटप्रेडिक्शन या प्रकल्पाची हवामान-प्रारूपे कित्येक दिवस चालतात, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात त्या कामाचे पान असते. तेच काम आणखी कोणाला दिले गेले असेल, तर त्यांना किती वेळ लागला हे तिथे दिसते, आणि माझ्या मते हा सर्वांत भरवशाचा ताळा आहे.

पुन्हा सुरू करूनही सीपीयू टाइम हलत नसेल, किंवा काम दर वेळी त्याच ठिकाणी येऊन थांबत असेल, तर ते निःसंकोच रद्द करावे. रद्द केल्याची नोंद सर्व्हरकडे पोहोचली, की ते काम दुसऱ्या संगणकाला देता येते; नुसतेच पडू दिले, तर मुदत संपेपर्यंत ते आपल्याच नावावर अडकून राहते.