कूपेची (दोन दारांच्या, उतरत्या छताच्या गाडीची) पुढची काच तडकली आहे. नवी बसवताना काय सांभाळावं?

तडा काचेच्या कडेपर्यंत गेला असेल तर रेझिन (तडा बुजवणारा पारदर्शक द्रव) भरून उपयोग नाही, काच बदलाच. जुनी काच वायरने कापून काढतात. पातं वापरलं तर फ्रेमचा रंग खरवडू शकतो. त्या ओरखड्यावर प्रायमर लावला नाही तर आतून गंज धरतो आणि पुढे पाणी झिरपतं. जुनं युरेथेन (काच फ्रेमला चिकटवणारा गोंद) पूर्ण खरवडू नका, १-२ मिमी थर ठेवा. नवं त्यावरच उत्तम चिकटतं. युरेथेनऐवजी सिलिकॉन चालणार नाही, कारण एअरबॅग फुगताना काचेचाच आधार घेते आणि काच घट्ट धरून राहायला हवी.

कूपेची काच फार तिरकी, त्यामुळे ओल्या युरेथेनवर ती खाली घसरते. खाली ठोकळे आणि वर टेप हवीच. लहान केबिनमध्ये दार आपटलं की हवेच्या दाबाने सील सुटतं, म्हणून पहिला दिवस खिडकी बोटभर उघडी ठेवा. गाडी कधी चालवायची ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. थंड, कोरड्या हवेत वेळ वाढतो, कारण युरेथेन हवेतल्या ओलाव्याने सुकतं. काचेमागे कॅमेरा असल्यास त्याचं कॅलिब्रेशन (नेमकी जुळणी) करून घ्या, नाहीतर लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारी यंत्रणा) चुकीचं वागेल. रेन सेन्सर (पाऊस ओळखून वायपर चालवणारा) असेल तर त्याला काचेशी जोडणारा जेल पॅडही नवाच घाला.