खरखर तेवढी काढा

बाळा,

परवा काउंटरवर हेडफोन ठेवलास आणि म्हणालास, "काका, खरखर तेवढी काढा. आवाज आहे तसाच राहू दे." तीस वर्षं सोल्डरिंग करतोय, असलं गिऱ्हाईक पहिलंच. कानाला लावून बघितलं तर गिटारी ढणढण आणि गाणारा विहिरीच्या तळातून ओरडतोय. महिनाभर असंच ऐकतोयस म्हणे. सवय झाली, बरं वाटतं.

त्याला झालंय काय ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. पिनीत तीन वायरी येतात: एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची आणि दोघांत मिळून एक परतीची, तिला ग्राउंड म्हणतात. ही तिसरी तुटली की दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते एकमेकाला खाऊन टाकतं. गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्डिंगात बहुतेक वेळा मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे सारखा. म्हणून नेमका तोच जातो. मागं राहतात कडेच्या गिटारी आणि त्याच्या आवाजाची घुमणारी सावली. म्हणजे तू महिनाभर माणूस वजा केलेलं गाणं ऐकत होतास. तेही एकच गाणं, रिपीट लावून. फोन काउंटरवरच होता, मी बघितलं.

मग पायरी उतरताना विचारलंस, "ज्याला स्वतःला वाचवता आलं नाही, त्याचं गाणं मला काय वाचवणार?" समोर मंडळाची पोरं जळका ॲम्प्लिफायर घेऊन उभी होती. मी म्हटलं, बुधवारी ये, बोलू. बुधवार गेला. तू आला नाहीस. तुझ्या गल्लीतल्या मागावरच्या पोराकडे ही चिठ्ठी देतोय.

तुझ्या लिंकिन पार्क बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन 20 जुलै 2017 ला स्वतःच्या हातानं गेला, 41 वर्षांचा. त्याच्या दोन महिने आधी त्याचा गायक दोस्त ख्रिस कॉर्नेल तसाच गेला होता, आणि 20 जुलै हा त्या दोस्ताचा वाढदिवस. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, तुमच्या फोनमध्ये सगळं असतं. पण गाण्यानं वाचवायचा मक्ता कधी घेतला होता रे? गाणं तीन-साडेतीन मिनिटं सोबत करतं. वडगावच्या नाक्यावरून येळ्ळूरच्या रस्त्याला कुणी पावसात छत्रीत घेतलं तर आपण त्याला विचारतो का, घर बांधून देणार काय म्हणून? छत्री तेवढ्या वाटेपुरती. त्याचं गाणं त्याच्या कामी आलं नाही, म्हणून तुझ्या वाटेवर ते खोटं होत नाही. फक्त ते संपू दे. एवढंच माझं म्हणणं आहे आणि पुढंही हेच म्हणणार आहे, कंटाळलास तरी.

गाणं संपू दे. संपल्यावर जी शांतता येते ती तुला नको आहे, म्हणून तू रिपीट दाबतोस. मला कळतं. मला कळतं कारण हे यंत्र मी स्वतःच्या हातानं बनवून दिलं होतं एकाला.

1994 चा एप्रिल. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन तसाच गेला, 27 वर्षांचा. आम्ही कॉलेजात होतो. माझा एक दोस्त गिटार वाजवायचा, बरी वाजवायचा. त्यानं कॉलेज सोडलं, वरच्या माडीवरच्या खोलीत पडून राहायला लागला. मी गेलो की भिंतीकडे तोंड. एकदा त्यानंही हेच विचारलं, थोड्या वेगळ्या शब्दांत. आणि मी काय केलं? मी तेव्हा नुकता दुरुस्ती शिकलेला, अंगात मस्ती. दोन डेकच्या टेपवर रात्रभर बसून त्याला एक साठ मिनिटांची कॅसेट भरून दिली. एकच गाणं. दोन्ही बाजूंना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच. वर त्याच्या जुन्या टेपऐवजी माझा ऑटो-रिव्हर्सचा टेप नेऊन ठेवला, म्हणजे बाजू पलटायलाही त्याला उठायला नको! "ऐक, बरं वाटेल," म्हटलं आणि सायकल काढून घरी आलो. किती हुशारी केली असं वाटत होतं.

साध्या टेपला बाजू संपली की खट्ट आवाज यायचा आणि बटण वर यायचं. उठायलाच लागायचं. उठलं की तहान लागायची, खाली जायला लागायचं, आई भाकऱ्या करत असायची, ती काहीतरी विचारायची. ते खट्ट मी त्याच्याकडून काढून घेतलं.

तू म्हणशील, तुमच्या कॅसेटमुळे काय झालं असेल. नसेल झालं. बावीस वर्षांचा होतो, मला कुणी शिकवलं होतं काय, दुःखात असलेल्याशी कसं बोलायचं ते? आमच्या घरात असं बोलत नसत. घरी वडलांचं आजारपण, दुकानाचं भाडं, मी रोज त्याच्या माडीवर कुठून जाणार होतो? हे सगळं खरं आहे. पण त्याला नेमकं काय झालंय हे मी एकदाही विचारलं नाही, हेही खरं. नंतर तो हुबळीला मामाकडे गेला. दहा-बारा वर्षांनी बसस्टँडवर दिसला, हातात पिशवी, केस पिकलेले. त्यानं मला ओळखलं. मी फोन कानाला लावला. फोनवर कुणीही नव्हतं.

असो.

असली गाणी ऐकू नको, असं मी म्हणत नाहीये. ते तुला घरातले सांगत असतीलच, आणि ते चुकतायत. 2015 साली ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड विद्यापीठात, असलं कर्कश संगीत ऐकणाऱ्या 39 जणांना आधी मुद्दाम राग येईल असं केलं आणि मग काहींना त्यांच्या पसंतीची गाणी दिली, काहींना नुसतं बसवलं. गाण्यांनी राग वाढला नाही. उलट गाणी ऐकणारे निवले, आणि अंगात थोडा हुरूप आला. पण किती वेळ ऐकवलं? दहा मिनिटं. दहाच. मग बंद केलं.

आपल्याकडे हे जुनंच आहे. आमच्या गल्लीत कुणी गेलं की रात्री भजनी मंडळ बसतं. टाळ-मृदंगाचा दणका तुझ्या बँडला लाजवेल असा. अभंग, गौळण, शेवटी भैरवी, आरती. भैरवी झाली की पेटीवाला भाता बंद करतो, सतरंजी गोळा करतात, घरातल्या बाईला कुणीतरी कपभर चहा पाजतं. तोच अभंग पहाटेपर्यंत चाळीस वेळा म्हणत बसत नाहीत. रडायला जागा देतात आणि मग उठवतात. माझ्या वडलांच्या वेळी मी आत स्टोअरच्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो, मला ते गावठी वाटायचं. आता वाटून काय उपयोग.

आणि तुझ्या त्या बँडनं तरी काय केलं? 27 ऑक्टोबर 2017 ला हॉलिवूड बोलमध्ये चेस्टरसाठी जलसा केला. 'नंब' हे त्याचं गाणं वाजवलं तेव्हा मधोमध माईक तसाच मोकळा ठेवला, त्यावर फक्त दिवा. गायचं कुणी? समोर बसलेल्या लोकांनी गायलं, सगळ्यांनी मिळून. आणि ते गाणं संपलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा लावून त्याला परत आणायचा प्रयत्न केला नाही. 2024 ला नव्या गायिकेला घेऊन नवा अल्बमही काढला. काही पोरं चिडली, तुलाही पटलं नसेल. मला तिचा आवाज फारसा नाही आवडला. पण त्यांनी बटण वर येऊ दिलं.

तर हेडफोन झालाय. ग्राउंड नवीन टाकलीय, पिन बदललीय, खरखर गेली. आणि हो, गाणाऱ्याचा आवाजही परत आलाय. तुला नको होता, तरी मी आणला. मला बिघाड ठेवून पैसे घेता येत नाहीत. पहिल्यांदा ऐकताना अंगावर येईल, तो अगदी कपाळाच्या मधोमध गातो असं वाटेल. रिपीटचं बटण काढून ठेव. एकदा, शेवटपर्यंत, मग खाली उतर. कुणीच जागं नसेल अशी रात्र असली तर 14416 लाव, सरकारची टेलिमानस आहे, मन जड झालेल्यांशी फोनवर बोलणारी, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते. नंबर डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहिलाय. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि वाटली तरी लाव.

एक राहिलंच. काय झालंय तुला? मी त्या दिवशी विचारलं नाही. आता विचारतोय. लिहून सांगायचं नसेल तर नको लिहूस.

चाळीस रुपये झाले. उधार लिहिलेत, मागावरच्या पोराकडे देऊ नको, तू स्वतः आणून द्यायचे. सात वाजता शटर ओढतो, पण गणपती जवळ आलेत, आठ-साडेआठपर्यंत आत दिवा असतो. शटर वाजव.

तुझा,
काका