खाचा आहेत, पण टायर चपटा झालाय

प्रश्न : काका, माझी १५० सीसीची गाडी आहे. कामासाठी दर आठवड्याला निपाणी-पुणे जाऊन-येऊन असतं. मागचा टायर १६ हजार किलोमीटर झालाय. मध्ये खाचा थोड्या उरल्यात, कडेला मात्र नव्यासारख्या आहेत. गेल्या महिन्यात बायकोला घेऊन आजऱ्यावरून आंबोली घाट उतरलो, तर प्रत्येक वळणाला गाडी एकदम आत पडतेय असं वाटत होतं. मेस्त्री म्हणतात, अजून चार हजार आरामात चालेल. काय करू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : टायर बदला, आणि याच आठवड्यात बदला. मेस्त्रींनी खाचा बघितल्या, आकार बघितला नाही.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. नव्या टायरवर हात अंड्यावरून फिरल्यासारखा गोल जातो. तुमच्या टायरवर मध्ये सपाट पट्टा लागेल आणि दोन्ही बाजूंना धार. ती धार बोटाला कळते. निपाणी ते पुणे हायवे म्हणजे गाडी बहुतेक वेळ सरळ उभी, आणि इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकाच्या मधल्या चार बोटांवर. तिथलंच रबर जातं. मग वळणावर गाडी कलली की सपाट भागावरून त्या धारेवर चढते आणि पलीकडे झटकन उतरते. तुम्हाला 'आत पडली' वाटतं ते हेच.

मी हे अंगावर काढलेलं आहे. जांबोटीवरून चोर्ला घाट उतरत होतो, जुलै महिना, रस्त्यावर पाला. टायर असाच चपटा, खाचा होत्या म्हणून बदलला नव्हता. वेग तीसच्या आत होता, तरी मागचं चाक निसटलं. मनगट मोडलं ते आजही पावसाळ्यात दुखतं. म्हणून आमच्या बेळगावच्या दुकानात मी गिऱ्हाइकाचा हात धरून टायरवर फिरवायला लावतो.

खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण रोज हायवेवर पळणाऱ्या गाडीचा आकार त्याआधीच बिघडतो.

हवा सकाळी, टायर गार असताना बघा. किती भरायची तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, बऱ्याच गाड्यांच्या चेन कव्हरवरही. एकटे असताना वेगळा, डबलसीटला जास्त. तुम्ही डबलसीटची हवा भरून आठवडाभर एकटेच पुण्याला पळत असाल तर मधला पट्टा आणखी लवकर जातो. कमी हवेत उलटं, कडा खातात आणि टायर तापतो.

नवा घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबर कडक होतं, ते स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. मध्ये कडक आणि कडेला मऊ रबर असलेला टायर मिळतो, तुमच्यासारख्यांना तोच योग्य. बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, हे समोर उभं राहून बघा.

नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो जाईपर्यंत दीडशे किलोमीटर जोराने कलंडू नका, करकचून ब्रेक दाबू नका. निपाणी-बेळगाव एक फेरी केलीत की तेवढं होतंच. मग वहिनींना घेऊन आंबोलीला जा.