कृषी विज्ञान केंद्राचा वार्षिक कृती आराखडा कसा करावा, आणि मध्येच तज्ज्ञाची बदली झाली तर कामं कशी सांभाळावीत?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: केंद्रातले पीक संरक्षणाचे विषय विशेषज्ञ बदलून गेले, त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, तुम्ही कृषिविद्या विषयात नव्याने रुजू झालात, आणि पुढच्या वर्षाचा कृती आराखडा व वार्तापत्रातली बदली-नेमणुकीची बातमी ही दोन्ही कामं तुमच्याकडे आली आहेत. ही दोन कामं वेगळी वाटली तरी एकत्रच विचारात घ्या. आराखड्यातली ओळ गावातल्या एखाद्या नेमक्या अडचणीला बांधलेली असेल तर माणूस बदलल्यावरही ती टिकते. विशेषज्ञाच्या आवडीच्या विषयाला बांधलेली असेल तर बदलीच्या आदेशाबरोबर तीही जाते.

आधी मनुष्यबळ मोजा. केंद्राला साधारणपणे १६ पदं मंजूर असतात: वरिष्ठ शास्त्रज्ञ व प्रमुख, सहा विषय विशेषज्ञ, एक प्रक्षेत्र व्यवस्थापक, दोन कार्यक्रम सहाय्यक, कार्यालयीन अधीक्षक तथा लेखापाल, लघुलेखक, दोन वाहनचालक आणि दोन मदतनीस. सहापैकी एक जागा रिकामी असेल तर तांत्रिक कामाचा सहावा भाग गेला असं समजू नका. पीक संरक्षणाची जागा खरिपात रिकामी असण्याचा फटका रब्बीपेक्षा कितीतरी मोठा असतो, विशेषतः कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात. म्हणून एका कागदावर बारा महिने आडवे आणि पदं उभी मांडा. कोणत्या महिन्यात कोणत्या पदावरचा माणूस दर आठवड्याला शेतावर लागणार आहे ते भरा. रिकाम्या पदासमोर ज्या महिन्यांत खुणा दाटतात, तिथेच कपात किंवा उसनवारी करायची आहे.

आता मूळ आराखडा. मागच्या वर्षाची फाइल उघडून साल बदलण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण त्यातल्या अडचणी कोणाच्या तोंडून आल्या होत्या हे सहसा लिहिलेलं नसतं. कार्यक्षेत्रातली तीन-चार गावं अशी निवडा की त्यांत हलकी, मध्यम व भारी जमीन, कोरडवाहू व बागायती अशी सगळी परिस्थिती येईल. प्रत्येक गावात २० ते २५ शेतकऱ्यांबरोबर बसा आणि महिलांबरोबर वेगळं बसा. एकत्र बैठकीत निंदणी, वेचणी, साठवण, जनावरांचा चारा हे विषय बहुतेक वेळा वरच येत नाहीत. बैठकीला गावचा सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचं पदनाम कृषी सहायक) हवाच. बाजारात कोणतं बियाणं येतंय, कोणत्या औषधाचा खप वाढलाय, हे त्याला माहीत असतं.

अडचणींची यादी झाली की प्रत्येक शेतकऱ्याकडून क्रम लावून घ्या. मग जो गुणांक काढायचा त्याला केंद्रांत आरबीक्यू (रँक बेस्ड कोशंट, म्हणजे क्रमावरून काढलेला गुणांक) म्हणतात. समजा २० शेतकरी आहेत आणि पाच अडचणी. पहिल्या क्रमाला ५ गुण, दुसऱ्याला ४, असं पाचव्याला १. एका अडचणीला १० जणांनी पहिला, ६ जणांनी दुसरा आणि ४ जणांनी तिसरा क्रम दिला, तर ५० अधिक २४ अधिक १२ म्हणजे ८६ गुण. जास्तीत जास्त शक्य गुण २० गुणिले ५ म्हणजे १००, म्हणून गुणांक ८६ टक्के. हे गणित पाच मिनिटांचं आहे, पण त्यामुळे बैठकीत मोठ्या आवाजात बोलणाऱ्या दोघा-तिघांची अडचण सगळ्या गावाची ठरत नाही.

यानंतरच्या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बहुतेक आराखडे इथे घसरतात. ‘सोयाबीनचं उत्पादन कमी’ ही अडचण झाली, कारण नव्हे. कारणं अनेक असू शकतात: घरच्या बियाण्याची उगवण कमी, पेरणी दाट, भारी जमिनीत पाणी साचणं, खोडमाशी, चक्रीभुंगा, पिवळा मोझॅक, शेंगा भरताना पावसाचा खंड. गावातल्या आठ-दहा शेतांत जाऊन झाडं मोजा. शिफारस ४५ बाय ५ सेंटिमीटरची असेल तर हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार झाडं बसतात. एका मीटर ओळीत २० झाडं हवीत; तिथे ३५ दिसली तर तुमचा प्रश्न दाटीचा आहे, आणि नवा वाण देऊन तो सुटणार नाही. एका मीटरला आठ-दहाच झाडं असतील तर उगवणीकडे वळा. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ठेवून उगवण तपासणं, ७० पेक्षा कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवणं किंवा बियाणंच बदलणं, पोती उंचावरून न आदळणं (सोयाबीनचं टरफल पातळ असतं, आतला अंकुर दुखावतो), हे एका प्रशिक्षणाचं काम आहे. त्यासाठी प्रात्यक्षिकावर निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) खर्च करायची गरज नाही.

कारण पक्कं झालं की मग ओएफटी (शेतावरील चाचणी) की एफएलडी (आद्यरेखा प्रात्यक्षिक) हे ठरवा. तंत्र आपल्या परिस्थितीत चालेल का याची शंका असेल तर शेतावरील चाचणी. तंत्र शिफारशीत आहे, चालतं हे ठाऊक आहे, पण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेलं नाही, तर आद्यरेखा प्रात्यक्षिक. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षी जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे त्यांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, मंजूर होतात. तुमचं तंत्र त्या यादीत आहे का, आणि कोणत्या विभागासाठी आहे, ते आधी पाहा. कोकणासाठीची शिफारस मराठवाड्यात थेट प्रात्यक्षिकाला घेणं चूक आहे, तिथे आधी चाचणी हवी.

चाचणीत शेतकऱ्याची रूढ पद्धत ही एक बाजू ठेवावीच लागते. किती शेतकरी घ्यायचे याला सोपा आधार आहे: त्रुटीचे स्वातंत्र्यांश (संख्याशास्त्रातली ‘एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम’; ते कमी असले तर फरक खरा की योगायोगाचा हे सांगता येत नाही) निदान १२ यावेत. प्रत्येक शेत ही एक पुनरावृत्ती धरली, तर तीन पर्याय असताना (३ वजा १) गुणिले (७ वजा १) म्हणजे १२, म्हणून सात शेतं. दोनच पर्याय असतील तर १३ लागतात. सातची गरज असेल तर नऊ घ्या, कारण एखादा शेतकरी मध्येच फवारणी करून टाकतो आणि एखाद्याचं शेत पाण्याखाली जातं. पाच शेतांवर तीन पर्याय घेऊन आलेला फरक केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीसमोर टिकत नाही.

प्रात्यक्षिकाचा एकक ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर. दहा शेतकरी म्हणजे ४ हेक्टर. तुलनेचा तुकडा त्याच शेतात किंवा बांधाला लागून, त्याच जमिनीचा आणि त्याच पेरणीचा हवा. दुसऱ्या टोकाच्या शेताशी तुलना केली की आकडे छान दिसतात आणि त्यांना अर्थ उरत नाही. काढणीला मोजायचं क्षेत्र सगळीकडे सारखं ठेवा आणि धान्याची ओल मोजा. १६ टक्के ओलीचं १,००० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणलं तर १,००० गुणिले ८४ भागिले ८८, म्हणजे सुमारे ९५५ किलो भरतं. दोन तुकड्यांची काढणी वेगळ्या दिवशी झाली तर एवढा फरक नुसत्या ओलीचाच असू शकतो.

निकाल लिहिताना नुसती टक्केवारीतली वाढ पुरत नाही. वाणाची क्षमता हेक्टरी २५ क्विंटल, प्रात्यक्षिकात २० आणि शेजारी १५ आले असं धरा. २० वजा १५ ही विस्तारातली तफावत, ती तुमच्या प्रशिक्षणाने भरून निघू शकते. २५ वजा २० ही तंत्रज्ञानातली तफावत, २५ च्या तुलनेत २० टक्के. ती जमीन, पाऊस आणि व्यवस्थापनातली आहे. पुढच्या वर्षी कुठे जोर द्यायचा हे या दोन आकड्यांवरून ठरतं.

निविष्ठांची वेळ हा आराखड्यातला सर्वांत दुर्लक्षित रकाना. खरिपाचं बियाणं मृगाच्या तोंडावर शोधायला निघालात तर हवा तो वाण मिळत नाही आणि ‘उपलब्ध होता तो’ वाण लावला जातो. परभणीच्या विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे या स्थापना दिनाच्या सुमारास आणि रब्बीचा १७ सप्टेंबरच्या सुमारास असतो. त्या दिवशी रांगेत उभं राहण्यापेक्षा मागणीपत्र कितीतरी आधी गेलेलं असावं. प्रशिक्षणाची तारीखही त्या कामाच्या आठ-दहा दिवस आधीची हवी. बीजप्रक्रियेचं प्रशिक्षण पेरणी उरकल्यावर घेतलं तर नोंदवहीत संख्या वाढते, शेतात काही बदलत नाही.

आता रिकाम्या जागेकडे. पीक संरक्षणाची सगळी कामं समोर ठेवून तीन गट करा. पहिला गट, दुसरा विशेषज्ञ चालवू शकेल अशी कामं: बीजप्रक्रिया, सापळा पीक, निंबोळी अर्कावरची प्रशिक्षणं. दुसरा गट, जाणकार डोळा आणि दर आठवड्याची नोंद लागणारी कामं: रोगाची प्रतवारी (झाडावर रोग किती आहे याला गुण देणं), कीडनाशकांच्या तुलनेच्या चाचण्या. यांतली नवी चाचणी सरळ पुढच्या हंगामावर ढकला. तिसरा गट, टाळता न येणारी कामं. उदाहरणार्थ कापसावरची गुलाबी बोंडअळी. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासासारख्या गंधाने नर पतंग ओढणारे), सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर आर्थिक नुकसानीची संकेत पातळी गाठली, म्हणजे उपाय करायची वेळ आली. शिवाय २० हिरवी बोंडं फोडून पाहणं. ही मोजणी प्रशिक्षित कार्यक्रम सहाय्यक किंवा गावातला शिकलेला तरुण करू शकतो, आणि सल्ला जवळच्या संशोधन केंद्रातले कीटकशास्त्रज्ञ देऊ शकतात. मात्र त्यांना प्रमुखांच्या सहीचं पत्र आधी गेलेलं असावं आणि वाहनाची सोय आराखड्यातच धरलेली असावी. तोंडी शब्दावर ऐन सप्टेंबरात कोणी मोकळं नसतं.

बदलून जाणाऱ्या विशेषज्ञांकडून कार्यभार घेताना जडवस्तू नोंदवही आणि कपाटाच्या किल्ल्या एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक चालू चाचणीसाठी एक पान मागा: शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, शेताचं ठिकाण, पर्याय, पेरणीची तारीख, दिलेल्या निविष्ठा व पोच, आतापर्यंतच्या नोंदी, पुढची नोंद केव्हा, कोणतं बिल बाकी. शक्य असेल तर दोघांनी मिळून एकदा शेतांवर फिरा. रोगाची प्रतवारी चालू असेल तर एकाच शेतातली तीच २० झाडं दोघांनी वेगवेगळी तपासून आकडे ताडून पाहा. माणूस बदलला की डोळा बदलतो, आणि हंगामाच्या मध्यावर दिसणारी रोगाची ‘घट’ पुष्कळदा त्यातूनच येते. नवे विशेषज्ञ ऑगस्टमध्ये रुजू झाले तर चालू चाचणीचे पर्याय त्यांना बदलू देऊ नका. त्यांच्या सूचना पुढच्या हंगामासाठी लिहून ठेवा. माझ्या मते इथे प्रमुखांनी ठाम राहायला हवं, कारण अर्ध्यात बदललेली चाचणी जुन्या माणसाचीही उरत नाही आणि नव्याचीही होत नाही.

वार्तापत्रातल्या बातमीचं काम त्यामानाने लहान आहे. सत्काराचा फोटो द्या, पण शेतकऱ्याला हवी असते ती माहिती आधी: कोणत्या पिकाचं काम आता कोण पाहणार, कोणत्या तालुक्यांसाठी, कोणत्या वेळेत, कोणत्या क्रमांकावर. आदेश निघाला म्हणजे माणूस आला असं नाही, आदेश बदलतातही. रुजू अहवाल झाल्याशिवाय नव्या व्यक्तीचं नाव छापू नका. पदवी आणि नावाचं लेखन त्या व्यक्तीकडून तपासून घ्या. खासगी मोबाइल क्रमांक छापू नका, कार्यालयाचाच द्या. मजकूर इतका साधा पुरतो: ‘कापूस व तूर पिकांवरील कीड-रोगांचं काम पाहणारे पीक संरक्षण विषय विशेषज्ञ अमुक तारखेपासून कार्यमुक्त झाले आहेत. नवीन नेमणूक होईपर्यंत या कामाचा अतिरिक्त कार्यभार कृषिविद्या विषय विशेषज्ञांकडे आहे. कापसावरील सापळ्यांच्या नोंदी पूर्वीप्रमाणेच दर सोमवारी घेतल्या जातील. संपर्क: कार्यालय, सकाळी १० ते ५.’ तिसरं वाक्य गाळू नका. चाचणीतला शेतकरी बदलीची बातमी वाचून काम बंद पडलं असं समजतो आणि आपल्या मनाने फवारणी करून मोकळा होतो.

शास्त्रीय सल्लागार समितीपुढे जाताना मसुदा निदान दहा-पंधरा दिवस आधी सदस्यांकडे पोहोचवा आणि मागच्या बैठकीतल्या सूचनांवर काय झालं ते पहिल्या पानावर ठेवा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आणि ‘आत्मा’चे (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचे) प्रकल्प संचालक यांच्याशी त्याआधीच बोलून घ्या, नाहीतर त्याच गावात त्याच पिकाचं प्रात्यक्षिक दोघांकडून निघतं. सदस्य शेतकऱ्यांना सुरुवातीलाच बोलायला द्या. शेवटी वेळ उरत नाही. रिकाम्या पदामुळे पुढे ढकललेली कामं लपवू नका, कारणासह वेगळ्या तक्त्यात दाखवा. पुण्याच्या अटारीकडे (केंद्रांच्या कामावर देखरेख ठेवणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था) मंजुरीला जाताना तोच तक्ता पद भरण्याच्या मागणीला जोडता येतो.

एक काम मात्र आजच करा: पोर्टलचे पासवर्ड आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांचे अॅडमिन हक्क. गेलेल्या विशेषज्ञांच्या खासगी क्रमांकावर गट असतील तर त्यांना फोन करून केंद्राचा क्रमांक आणि आणखी एक कर्मचारी, असे दोघे अॅडमिन करून घ्या.