घरची अहिराणी आणि शाळेचं श्रुतलेखन

प्रश्न : नात दुसरीत आहे. घरी आम्ही अहिराणी बोलतो. श्रुतलेखनात ती 'डोळा'चं 'डोया' लिहिते. घरात अहिराणी बंद करावी का?
– एक आजी, शिरपूर

उत्तर : आजी, अहिराणी मुळीच बंद करू नका. आपल्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो आणि मूल ऐकतं तसंच लिहितं. रोज १० मिनिटं पुरेत. तुम्ही 'माले भूक लागनी' म्हणा, तिला वहीत 'मला भूक लागली' लिहू द्या. अशी ५ वाक्यं. केळी, काळा, फळा असे 'ळ'चे शब्द वेगळ्या पानावर, मोठ्यानं उच्चारून. ती बोलत असताना मात्र मध्येच टोकू नका. टोकलं की मूल वर्गात गप्प बसतं आणि ते गप्प बसणं सोडवणं शुद्धलेखनापेक्षा कितीतरी अवघड. आजोबांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, येत असतील तर तेही अहिराणीतूनच शिकवू द्या.